टेबलावर बोललं ते झालं

ग्रंथालयातल्या नोकरीबद्दल लिहा, असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात पुस्तकं असणार. वाळवी, उंदीर, कधीच परत न आलेल्या कादंबऱ्या, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासाठी भांडणारे दोन पेन्शनर. मंगरूळपीरच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात हे सगळं मी पुरेपूर भोगलं आहे. पण या नोकरीत मला खरा घाम फुटला तो पुस्तकांमुळे नाही. तो फुटला बालविभागातल्या एका लांब टेबलामुळे आणि त्यावर दर रविवारी चालणाऱ्या खेळामुळे. निवृत्त होऊनही त्या टेबलानं मला सोडलं नव्हतं. म्हणून त्याच्याबद्दलच लिहिते. संपादकांनी छापलं तर त्यांचे उपकार, नाही छापलं तर त्यांची मर्जी.

आधी खेळ सांगते, कारण आम्ही तिथे नाटकाची तालीम करतो असं अजूनही निम्म्या गावाला वाटतं. एका टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. त्यातला एक सूत्रधार. बाकीचा प्रत्येक जण मनात एक माणूस घडवतो. कोणी नावाडी, कोणी जडीबुटीवाली, कोणी घोड्यांचा व्यापारी. त्या माणसाचं नाव काय, हातात कला कोणती, भीती कशाची, हे एका कागदावर मांडून तो कागद समोर ठेवतो. मग सूत्रधार सांगतो, "तुम्ही ओढ्यापाशी पोचलात. पाणी चढलंय. मागून माणसं येतायत. काय करता?" जो तो आपला माणूस काय करतो ते बोलून सांगतो. उडी जमली की फसली, ते वीस तोंडांचा फासा ठरवतो; आकडा मोठा तर जमली, लहान तर फसली. ना पट, ना सोंगट्या, ना पडदा. सगळा कारभार बोलण्यावर. आणि म्हणूनच एक नियम फार कडक: टेबलावर बोललं ते झालं. तोंडातून निघालेलं मागे घेता येत नाही. "मले तसं नव्हतं म्हनाचं" हे घरात चालतं, कचेरीत चालतं, समितीच्या सभेत तर फारच चालतं. इथे चालत नाही.

हा खेळ आमच्या गावात आणला रफीकनं. पुण्यात इंजिनीअरिंग शिकताना तो होस्टेलवर शिकला होता. वडील अचानक गेले, शेवटचं वर्ष राहिलं, आणि रफीक परत येऊन बसस्टँडजवळच्या गादीच्या दुकानात बसला. तेव्हापासून कापूस पिंजतो, गाद्या आणि रजया भरतो. वाचनालयात मासिकं चाळायला यायचा. भुवयांवर कापसाचे तंतू तसेच असायचे. एक दिवस म्हणाला, "ताई, तुमचं हे टेबल रविवारी रिकामंच राह्यते. आमाले देता का?" दिलं. पाहावं तरी काय चाललंय म्हणून जवळ बसले आणि महिन्याभरात मीच सूत्रधार झाले. आयुष्यभर लोकांना "शांत बसा" म्हणत आले होते. इथे माणसं माझ्याकडे डोळे लावून "मंग पुढं काय झालं, ताई?" असं विचारत होती. त्या सुखाची चटक फार लवकर लागते.

मी आणि रफीकनं मिळून एक गाव रचलं. नाव सातबिघा. वरच्या अंगाला मोठा तलाव, त्याचा मातीचा बांध, बांधाखाली गाव. बैलबाजार, कासारगल्ली, एक भांडकुदळ पुजारी, एक बहिरा चौकीदार. हलवायाच्या दुकानाला नाव काय द्यायचं यावर आम्ही एक अख्खा रविवार घालवला होता. आणि त्या गावात रफीकचा माणूस राहायचा. तो कुलपांचा उस्ताद. जगातलं कोणतंही कुलूप उघडणारा, कोणाचं ऐकून न घेणारा, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. त्याला सगळे नुसतं उस्तादच म्हणत.

एकदा आमच्यावर पोलीसही आले. कोणा पालकानं ठाण्यात सांगितलं की वाचनालयात पोरं फासे खेळून राह्यले. एक जमादार रविवारी दुपारी आत आले, फासा उचलून उन्हात धरला आणि रफीकला विचारलं, "यात लावता काय?"

"जीव," रफीक म्हणाला.

"कोनाचा?"

"उस्तादाचा."

जमादारांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "हा उस्ताद राह्यते कुठं?"

"इथंच, साहेब. या टेबलावर."

जमादार बराच वेळ विचार करत उभे राहिले. शेवटी म्हणाले, "सोमवारी त्याले ठाण्यात पाठवून द्या." आणि गेले. उस्ताद काही ठाण्यात गेला नाही, पण आमच्या सचिवांनी फाशावर बंदी घातली. मग आम्ही एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि त्या झाकणाच्या स्टीलच्या डब्यात टाकल्या. डबा खडखडवायचा, डोळे मिटून चिठ्ठी काढायची. गेली कित्येक वर्षं आमचं नशीब त्या डब्यातून निघत आलं आहे.

हे झाले सुखाचे दिवस. पुढे माणसं गळत गेली. कोणाची बदली अकोल्याला, कोणाचं लग्न, कोणाची नोकरी पुण्याला. नवीन कोणी येईना. लांब टेबलावर मी, रफीक आणि कधीमधी एखादा जुना भिडू. माझ्या निवृत्तीनंतर तर ते फारच केविलवाणं दिसायला लागलं. अशात एका रविवारी सचिव आले. माणूस सरळ आहे, शेती खात्यातून निवृत्त झालेला, आवाज कधी न चढवणारा. म्हणूनच त्यांची भीती वाटते.

"ताई," ते म्हणाले, "पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करनारी पोरं बाहेर पायऱ्यायवर बसून वाचून राह्यली. त्याईले खोली नाही. अन् इथं तुमी दोघं जन मोठ्या टेबलावर बसता. मी समितीले काय सांगू?"

पायऱ्यांवरची ती मुलं मीही पाहत होते.

"दिवाळीपर्यंत या टेबलाभोवती पोरं बसलेली दिसली पायजे," ते म्हणाले. "नाही दिसली, तर खोली अभ्यासिकेले अन् खेळ बंद."

त्या रात्रीपासून माझी झोप गेली. खोटं कशाला सांगू, पुस्तकांचं कपाट वाळवीनं खाल्लं तेव्हाही इतकी घाबरले नव्हते. मी शाळांमध्ये गेले. मुख्याध्यापकांनी विचारलं, यात मार्क किती? एकांनी विचारलं, प्रमाणपत्र मिळेल का? मी बाजारसमितीच्या भिंतीवर पोस्टर लावलं, त्यावर दुसऱ्या दिवशी सोयाबीनच्या भावाचा कागद चिकटला. शेवटी घरून चिवडा करून नेऊ लागले. चिवड्याच्या वासानं पोरं आली. चिवडा संपला की गेली.

जी दोन घटका बसायची, त्यांची एक गंमत सांगते. मी म्हणायचे, "तुम्ही जंगलात आहात. समोर दोन वाटा. झुडपात काहीतरी हललं. काय करता?" आणि पोरं माझ्या तोंडाकडे पाहत बसायची. मग एखादा हळूच म्हणायचा, "मॅडम, ऑप्शन सांगा ना."

ऑप्शन. आठवडाभर शाळेत चारातून एक निवडायचा, संध्याकाळी मोबाइलच्या खेळात तेच. "ऑप्शन नाहीत रे," मी म्हणायचे, "तुला वाटेल ते सांग." त्यावर पोरांच्या चेहऱ्यावर मी जी भीती पाहिली, ती झुडपातल्या वाघाची नव्हती. वाटेल ते सांगायचं, आणि सांगितलं की ते झालंच, याची होती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण जे विकायला बसलोय, ते या मुलांनी कधी चाखलेलंच नाही.

तरी तीन पोरं टिकली. दहावीतली पायल, तिच्याच वर्गातला गौरव आणि त्यांचा मित्र सुमेध. पायल जवळच्या खेड्यातून बसनं यायची. तिचे वडील बाजारसमितीत हमाल आहेत. मुलगी बोलायची कमी, पण कान टवकारून बसायची. तिनं जडीबुटीवाली घेतली होती. मला वाटलं, जमलं. दिवाळी तोंडावर आली होती आणि सचिव पुढच्या रविवारी स्वतः पाहायला येणार होते.

त्याच्या आदल्या रविवारी मी गोष्ट अशा जागी आणून सोडली: तलाव तुडुंब भरलाय. जास्तीचं पाणी सोडायचं दार सांडव्यावर आहे, दाराला जुनं कुलूप आहे, किल्ली घेऊन चौकीदार पळालाय. दार उघडलं नाही तर बांध फुटणार आणि सातबिघा बुडणार. रफीक खुशीत हसला. कुलूप म्हटल्यावर तो हसणारच. पोरं मात्र गप्प झाली.

त्या दिवशी मी पायलला सोडायला बसस्टँडवर गेले. बस लागलेली नव्हती. मी म्हटलं, "रविवारी वेळेवर ये गं, सचिव येणार आहेत."

ती चप्पल जमिनीवर घासत म्हणाली, "मॅडम, मी नाही येत आता."

"काहून?"

"खेळ भारी हाये. पन तिथं आमाले कामच नाही. चोर आले, उस्तादनं पकडले. दार लागलं, उस्तादनं उघडलं. आमी आपलं 'मी त्याच्या मांगं जातो' असं म्हन्तो. आता कुलूप हाये म्हन्ता. कोन उघडन? उस्तादच. मंग आमी कायले या?"

"गौरव आणि सुमेध?"

"थे बी येत नाहीत. तुमाले सांगाची हिंमत नव्हती त्याईची."

बस आली, ती चढली. मी फलाटावर उभी राहिले ती पुढची बस लागेपर्यंत. कुलूप काढून टाकावं, असं एकदा मनात आलं. पण ते मी टेबलावर बोलले होते. बोललं ते झालं.

दुसऱ्या दिवशी रफीकच्या दुकानात गेले. तो रजईला टाके घालत होता. मला बसायला त्यानं नवी गादी पुढे केली, चहा सांगितला. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले, मग पायलचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. सुई थांबली.

"म्हनजे उस्तादाले मारून टाकू म्हन्ता?"

"मारायला कोण सांगतंय? बाजूला हो म्हणते. पोरांना जागा दे."

"जागाच तं देऊन राह्यलो, ताई. चार खुर्च्या खाली हायेत." त्यानं टाका घट्ट ओढला. "तुमी पेन्शनवर गेल्या. तुमाले ताई म्हनते गाव, मॅडम म्हनते. मी कोन हाव? गादीवाला. सकाळपासून लोक येतात, दाबून पाह्यतात, भाव करतात, जातात. शिकलो, थे सगळं या कापसात भरलं. आठवड्यात एक दुपार मी उस्ताद असतो. तेवढीच. थे बी मी या लेकरायले देऊन टाकू?"

त्याचं खरं होतं आणि पायलचंही खरं होतं. असल्या वेळी मधल्या माणसानं काय करायचं, हे नोकरीच्या कोणत्याही नियमावलीत नाही. मी एवढंच म्हटलं, "तू आलास आणि पोरं आली नाहीत, तर खोली जाईल. तू आला नाहीस, तर मला सातबिघ्यात करमणार नाही. तूच ठरव."

चहा आला, तो आम्ही दोघं थंड करून प्यायलो.

त्या आठवड्यात मी पायलच्या गावी गेले. तिच्या आईशी बोलले. पायलला म्हटलं, "एकदाच ये. नाही आवडलं तर पुन्हा बोलावणार नाही." ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

रविवारी दुपारी मी डबा घेऊन टेबलाशी बसले. चिवडा मुद्दाम केला नव्हता. सचिव दारापाशी खुर्ची टाकून वर्तमानपत्र उघडून बसले. खिडकीतून पायऱ्यांवर वाचणारी मुलं दिसत होती. बराच वेळ कोणीच आलं नाही. सचिवांनी एकदा घड्याळ पाहिलं, मी न पाहिल्यासारखं केलं. मग पायल आली, तिच्यामागे गौरव आणि सुमेध, तिघंही एकमेकांना ढकलत. ती बसतात न बसतात तोच रफीक आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. कोणाशी न बोलता आपल्या जागी बसला आणि उस्तादाचा कागद समोर ठेवला. पोरांचे चेहरे पडले.

मी सुरू केलं. "सांडव्यावर आहात. पाऊस थांबलेला नाही. बांधातून माती सुटायला लागलीय. समोर दार, दाराला कुलूप. काय करता?"

तिघांनी रफीककडे पाहिलं. सवयच लागली होती. रफीकनं आपल्या कागदाकडे पाहिलं.

"उस्ताद दाराजवळ जाते," तो म्हणाला. "कुलूप हातात घेते. पाह्यते." इथे तो थांबला. इतका थांबला की सचिवांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मंग तो या तिघाईकडं वळते अन् म्हन्ते, बरं पोरायहो, येतो मी."

"येतो म्हनजे?" गौरवनं विचारलं. "कुलूप उघडून येते का?"

"नाही बे," पायल म्हणाली. "येतो म्हनजे चालला तो."

"येतो म्हनजे निघाला," सचिव दारातून म्हणाले. "आपल्यात निघताना असंच म्हन्तात." मग आपण मध्ये बोललो हे लक्षात येऊन त्यांनी पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

सुमेध नियमांचा पक्का. तो म्हणाला, "पन टेबलावर बोललं ते झालं. येतो म्हनला तो. म्हनजे त्याले वापस या लागन."

मी रफीककडे पाहिलं आणि मला दिसलं की हे त्यालाही माहीत होतं. तो निघाला खरा, पण दार लोटून, कडी न लावता. पोरं अडली की उस्ताद येणार. मग पोरं अडणारच.

आमच्याकडे घरातून निघताना कोणी "जातो" म्हणत नाही. चुकून एखाद्याच्या तोंडून निघालंच तर घरातलं कोणी ना कोणी लगेच म्हणतं, "जातो नाही, येतो म्हन." शेजारी जाणारा म्हणतो, बाजारात जाणारा म्हणतो, मुलीबाळीसुद्धा "येतो" म्हणूनच निघतात. "जातो" हा शब्द एकदाच्या जाण्यासाठी राखून ठेवल्यासारखा असतो. तो तोंडात आणायचा नाही, हे आम्हाला कोणी शिकवत नाही, आम्ही ते घेऊनच मोठे होतो. आणि सूत्रधार म्हणून मला आता तोच शब्द रफीकच्या तोंडून काढायचा होता. इतक्या वर्षांत मला इतका जड प्रश्न कोणाला विचारावा लागला नव्हता.

"रफीक," मी म्हटलं, "नीट सांग. उस्ताद काय करतो?"

त्यानं कपाळ पुसलं. बाहेर बसचा हॉर्न वाजला आणि थांबला.

"जातो," रफीक म्हणाला.

पायलचा हात तोंडावर गेला. "असं नाही म्हनत, रफीकभाई."

"म्हनलं आता." त्यानं उस्तादाचा कागद पालथा घातला आणि दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "उस्ताद म्हन्ते, जातो. कुलूप तुमचं तुमी पाहा."

मला रडू येत होतं, पण सूत्रधारानं रडायचं नसतं. "पाणी वाढतंय," मी म्हटलं. "काय करता?"

गौरवनं सळईनं कुलूप तोडायचं ठरवलं. डबा खडखडवला, चिठ्ठी काढली. चार. सळई वाकली. सुमेधनं बैलगाडी दारावर घालायची म्हटली. सहा. गाडी चिखलात रुतली. मी सांगितलं, बांधाला भेग पडलीय, भेगेतून पाणी दिसतंय. तिघांनी एकदम रफीककडे पाहिलं. रफीक टेबलाच्या लाकडाकडे पाहत होता. त्याला कसं जमलं कोण जाणे, मला तर हात पुढे करून कुलूप आपणच उघडावंसं वाटत होतं.

"मॅडम..." पायल म्हणाली. आता ही ऑप्शन विचारणार, असं मला वाटलं. ती थांबली, पालथ्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "दार ऱ्हाऊ द्या. आमी गावात पळतो. घरोघरी जाऊन मानसं उठवतो. सगळ्यायले टेकडीवर नेतो."

"आणि बांध?"

"फुटू द्या."

"गाव बुडेल, पायल."

"बुडू द्या. मानसं पायजेत."

मी सातबिघा रचलं होतं. कासारगल्ली, बैलबाजार, हलवायाचं दुकान. सचिवांसमोर, एका दहावीतल्या मुलीच्या दोन शब्दांनी ते सगळं पाण्यात जाणार होतं. माझ्या तोंडून निघालंच, "नीट विचार कर."

"टेबलावर बोललं ते झालं, मॅडम," पायल म्हणाली.

डबा खडखडला. सतरा. मी सांगत गेले: पोरं ओरडत गल्लीगल्लीतून धावतायत, दारं उघडतायत, म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलंय, बहिऱ्या चौकीदाराच्या घरच्यांना हलवून जागं केलंय. माणसं टेकडीवर पोचली आणि खाली बांध फुटला. मी कासारगल्ली बुडवली, बैलबाजार बुडवला, देवळाचा कळस तेवढा थोडा वेळ वर ठेवला आणि मग तोही घेतला. एकही पोर माझ्याकडे लक्ष देत नव्हतं. ती तिघं टेकडीवर होती.

"अन् हलवाई?" दारातून सचिवांनी विचारलं.

"हलवाई वाचला," मी म्हटलं. "दुकान गेलं."

पोरं गेल्यावर रफीक म्हणाला, "चांगलं बुडवलं, ताई." मग उठला, दारापर्यंत गेला, आणि काहीच न म्हणता गेला. येतोही नाही, जातोही नाही.

सचिवांनी निर्णय दिला तो त्यांच्या स्वभावाला धरूनच. खोली अभ्यासिकेला. पण पोरं दिसली, म्हणून टेबल मोडायचं नाही, रविवारी मागच्या पडवीत टाकायचं. दिवाळीनंतर पोरांनीच ते उचलून नेलं, वाटेत दाराच्या चौकटीचा टवका उडवला.

आता पडवीत टेबलाभोवती जागा पुरत नाही. पायलनं गावातून दोघींना आणलं, त्यांनी आणखी कोणाला. टेकडीवर नवं गाव वसतंय. त्याचं नाव मला अजून सांगितलेलं नाही. सूत्रधार पायलच असते. पहिल्या रविवारी मी माझ्या जागी बसायला गेले तर ती फार गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमी कायले तकलीफ घेता? आमी करून घेतो." सबंध नोकरीत लोकांना नम्रपणे बाहेर काढायचं काम मी केलं आहे. ती भाषा मला कळते. मी म्हटलं, बरं बाई.

तरी रविवारी मी जाते. वाचनकक्षातली मासिकं लावते, ती लागलेलीच असतात. पडवीकडची खिडकी तिथेच आहे. मागच्या रविवारी पाहिलं तर रफीक त्या खिडकीजवळच्या बाकावर मासिक घेऊन बसला होता. मी शेजारी बसले. पडवीतून डब्याचा खडखडाट, हसणं, भांडणं ऐकू येत होती. एका नव्या पोरीचा आवाज आला, "थे जुनं गाव बुडालं म्हन्ता, तिथलं कुलूप उघडनारा कोनीच नव्हता का?"

"होता एक उस्ताद," गौरव म्हणाला.

"कोन उस्ताद?"

"चाल, तुझी पाळी हाये," पायल म्हणाली. "चिठ्ठी काढ."

मी रफीककडे पाहिलं नाही. त्याच्या हातातलं मासिक तसंच उघडं होतं, पान उलटत नव्हतं. थोड्या वेळानं मी हळूच विचारलं, "जायचं का पडवीत? बसू देतील."

"नको, ताई," तो म्हणाला. "आपन गेलो का ते आपल्याकडं पाह्यतात."